काळ्या खोलीतले पट्टे

कॉलेजच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, जिथे जिना संपतो आणि चढणाऱ्याचा दमही संपतो, तिथे भौतिकशास्त्राची काळी खोली होती. एके काळी तिला खिडकी होती. ती विटांनी बुजवून टाकली, भिंतींना काळा रंग फासला आणि दाराला एकामागे एक असे दोन जाड काळे पडदे लावले. दोन पडद्यांच्या मधे जेमतेम एक सडपातळ माणूस मावायचा. रसायनशास्त्राचे एक भरभक्कम सर एकदा तिथे अडकले होते. आतली मुलं उजेड येतोय म्हणून त्यांना बाहेर ढकलत होती आणि बाहेरची मुलं तास सुरू झाला म्हणून आत. तो किस्सा स्टाफरूममध्ये अजून रंगवून सांगतात. पण त्या खोलीत खरोखर अडकलं होतं ते माणूस वेगळंच, आणि त्याची गोष्ट सांगायला कुणाला सवड झालेली नाही.

त्या होत्या अंधारताई. हे नाव कुठल्या तुकडीने ठेवलं ते कुणाला आठवत नाही. खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं होतं. मुलांकडून प्रात्यक्षिकं करून घेणं हे त्यांचं काम. एका सत्रापुरत्या म्हणून लागल्या आणि राहिल्या. वर्गात शिकवणारे सर आले, गेले, बढत्या घेऊन मोठमोठ्या शहरांत पोचले. अंधारताई पडद्याआडच होत्या. बाहेर आल्या की दोन मिनिटं डोळे किलकिले करून उभ्या राहत, आणि नव्या शिपायाला वाटे, बाई आपल्याकडे रागाने बघताहेत.

त्या खोलीत बरेच प्रयोग होत, पण ताईंचा म्हणावा असा एकच. पिवळ्या उजेडाचा सोडियमचा दिवा. त्याच्यासमोर एक अरुंद फट. तिच्यापुढे काचेवर दोन फटी, इतक्या जवळजवळ की नुसत्या डोळ्याला एकच वाटावी. आणि लांब लोखंडी बेंचच्या दुसऱ्या टोकाला डोळा लावायचं आयपीस. साधा व्यवहार असा की, दोन फटींतून उजेड आला तर तो दुप्पट व्हावा. तसं होत नाही. पट्टे पडतात. एक पिवळा, एक काळा, पुन्हा पिवळा, पुन्हा काळा. काळ्या पट्ट्याच्या जागीही दोन्ही फटींचा उजेड पोचलेला असतो, आणि दोन्हींचा पोचतो म्हणूनच तिथे अंधार असतो. एक फट झाकली की ती जागा उजळते. अंधारताई हे दर वर्षी सांगत. मुलं माना डोलावत आणि विचारत, की हे परीक्षेला येईल का.

आता ते पट्टे दिसणं म्हणजे काही नळ सोडला आणि पाणी आलं असं नव्हे. पहिली फट आणि पुढच्या दोन फटी अगदी समांतर लागतात. केसभर तिरकं झालं की सगळं पुसून जातं आणि डोळ्यापुढे नुसता पिवळा डाग राहतो. फट रुंद ठेवली तर पट्टे नाहीत, फार आवळली तर उजेड नाही. मुलं तासन्‌तास स्क्रू पिळत बसत आणि डोळे चोळत बाहेर येत. मग एका वर्षी कॉलेजची तपासणी करायला समिती येणार होती. विभागप्रमुखांनी अंधारताईंना बोलावून सांगितलं, काय वाटेल ते करा, पण पाहुण्यांना पट्टे दिसलेच पाहिजेत. ताईंनी खोलीतल्या तिन्ही बेंचवर पट्टे जुळवले आणि कुणाचा हात लागून हलू नयेत म्हणून सगळ्या स्क्रूंवर नेलपॉलिशचा थेंब सोडून ते पक्के करून टाकले. लाल नेलपॉलिश. त्याचं बिल कार्यालयात ‘रसायने’ या सदराखाली मंजूर झालं.

समिती खूश झाली. विभागप्रमुख खूश झाले. मुलं तर फारच खूश झाली, कारण आता डोळा लावायचा, चकती फिरवायची, मापं उतरवायची आणि घरी जायचं. मग तीच वहिवाट पडली. सत्र सुरू व्हायच्या आधी ताईंनी पट्टे लावायचे आणि नेलपॉलिशने बंद करायचे. तुकड्यांमागून तुकड्या पट्टे बघून पास झाल्या, पण ते शोधायचे कसे हे एकालाही आलं नाही. सरांनाही आलं नाही. खोटं कशाला बोला, ताईंनाही सुरुवातीला हे आवडलं होतं. आपल्यावाचून घोडं अडतं ही भावना गोड असते. तिची बेडी व्हायला लागते तेव्हा आधी बांगडीसारखीच वाटते.

ताईंचा नवरा दूरच्या एका गावी पाणीपुरवठ्याच्या पंपांवर होता. लग्नाला वर्षं झाली होती, पण एका छताखाली काढलेले दिवस सुट्ट्यांपुरते. इकडे दोन खोल्यांत ताई आणि त्यांचे सासरे. रोज संध्याकाळी फोन येई. ‘काय केलंस जेवायला?’ ‘तुमचं झालं का?’ इतकंच बोलणं, पण ताई त्या फोनची वाट बघत, आणि तो ठेवला की घर मोठं वाटायला लागे. त्यांना नवऱ्याजवळ राहायचं होतं. यात लाजण्यासारखं काही नाही, पण एवढी साधी गोष्ट त्या दर वर्षी कामातून मोकळं करण्याच्या अर्जात लिहीत आणि दर वर्षी ती विभागप्रमुखांच्या टेबलावर येऊन बसे.

विभागप्रमुखांना सगळे उद्यासाहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता. कुणाला कधी नाही म्हणाला नाही. उद्या बघू, एवढंच म्हणायचा. ताईंच्या अर्जावर त्यांचं म्हणणं ठरलेलं होतं, की जा ना, ताई, अवश्य जा, पण मग पट्टे कोण लावणार? त्यांच्या दृष्टीने अख्खं भौतिकशास्त्र त्या पट्ट्यांवर लटकलेलं होतं.

त्या वर्षी मात्र गोष्ट वेगळी होती. नवऱ्याच्या गावातल्या शाळेत विज्ञानाच्या शिक्षिकेची जागा निघाली आणि ती ताईंना मिळाली. शाळेचा फोटो नवऱ्याने पाठवला होता. वर्गाला तीन बाजूंनी खिडक्या होत्या. सासऱ्यांनी तो फोटो चष्मा वर करून बघितला आणि म्हणाले, ‘पोरी, इथे तुझा चेहरा तरी दिसेल मुलांना.’ नवं सत्र सुरू होईपर्यंत शाळा थांबायला तयार होती, त्यापुढे नाही. ताई पहिल्यांदाच उद्यासाहेबांसमोर खुर्ची ओढून बसल्या आणि उत्तर घेतल्याशिवाय उठणार नाही म्हणाल्या.

उद्यासाहेब कोंडीत सापडले. शेवटी त्यांनी अट घातली. वार्षिक परीक्षेच्या आधी सराव परीक्षा होते, त्या दिवशी तुमचा हात न लागता तिन्ही बेंचवर पट्टे दिसले, तर त्याच दिवशी तुमच्या अर्जावर सही करतो. नाहीतर यंदा राहू द्या. अट ऐकून ताई हसत बाहेर आल्या आणि जिना उतरेपर्यंत त्यांचं हसू मावळलं. कारण हात लावू शकेल असं दुसरं माणूस त्या इमारतीत नव्हतं, आणि ते तसं नव्हतं याला त्याच कारण होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्क्रूंवरचं नेलपॉलिश पुसून काढलं. सगळे स्क्रू सैल केले, फटी वाकड्या केल्या, आयपीस खाली सरकवलं. वर्षानुवर्षं जपलेलं घर आपल्याच हाताने विस्कटल्यासारखं झालं त्यांना. मग मुलांना एकदा नीट समजावलं, की आधी उजेडाचा डाग पकडा, मग फट आवळा, मग दोन फटींची काच हळूहळू वळवा, डोळा ताणू नका. एवढं सांगून त्या बाहेर आल्या आणि पडद्याबाहेर स्टूल टाकून बसल्या. आत जायचं नाही, हा त्यांनी स्वतःला घातलेला नियम.

तो नियम पाळणं भलतंच जड गेलं. आतून कुरकूर ऐकू येई, ‘काही दिसत नाही, ताई’, ‘डागच आहे, ताई’. त्यांची बोटं मांडीवर आपोआप वळत. मुलं रागावली. मागच्या तुकडीला आयतं मिळालं, मग आम्हीच काय घोडं मारलंय, असं एकाने तोंडावर विचारलं. हळूहळू मुलं यायची बंद झाली. काहींनी मागच्या वर्षीची मापं उतरवून घेतली आणि कॅन्टीनला गेली. जिथे आयुष्य काढलं त्या खोलीच्या दारात ताई रिकाम्या हाताने बसून राहिल्या. पूर्वी त्या आत अडकल्या होत्या, आता बाहेर. फरक इतकाच की इथे उजेड होता.

एक मुलगी मात्र येत राहिली. जाड भिंगांचा चष्मा, बोलणं कमी, पण बोलली की प्रश्नच. मुलं तिला प्रश्नपत्रिका म्हणत. तिचे वडील खाली वाचनालयात पुस्तकांची बांधणी करत. सगळे त्यांना बाइंडर म्हणत, आणि त्यांच्या हाताला कायम खळीचा वास असे. प्रश्नपत्रिका तास संपल्यावर एकटी आत जाई आणि बराच वेळ बाहेर येत नसे. ताई काही विचारत नसत. एका दुपारी ती पडद्यातून बाहेर आली, ताईंच्या समोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, ‘कंगव्याच्या दातांसारखे आहेत.’

ताईंचे डोळे भरून आले. आपण सोडून दुसऱ्या कुणी त्या खोलीत पट्टे शोधले होते. आणि पोरगी तिथे थांबली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने कागदाची चिंधी घेऊन एक फट झाकून बघितली, काळ्या पट्ट्याची जागा उजळलेली बघितली, आणि तेव्हापासून तिला झोप लागेना. तिने ताईंना विचारलं, की दिवा इतका मंद केला की उजेड थेंबाथेंबाने आला, एका वेळी एकच थेंब, तर तो एकटा थेंब कुठल्या फटीतून जाईल? आणि तरीही पट्टे पडतील का? पडले, तर त्या एकट्या थेंबाला दुसरी फट उघडी आहे हे कळतं कसं?

ताईंनी सरळ सांगितलं की मला नाही माहीत. पट्टे आणायचे कसे ते मला येतं, ते का येतात हे मी पुस्तकात आहे तेवढंच सांगू शकते. मुलगी उद्यासाहेबांकडे गेली. ते म्हणाले, हे अभ्यासक्रमात नाही, उद्या बघू. तेव्हा ती ताईंकडे परत आली आणि म्हणाली की हे जिथे अभ्यासक्रमात आहे तिथे मला जायचंय. लांबच्या विद्यापीठात तिने अर्ज केला होता आणि तिला प्रवेश मिळाला होता. अडलं होतं बाइंडरपाशी. ते म्हणत, अजून दोन वर्षं शिकायचं, तेही इतक्या लांब, आणि मग पुढे काय? त्यांनी लेकीला एकच शब्द दिला होता. इथे जवळपास बरं काम मिळालं तर ते धरायचं, आणि नाहीच मिळालं तर खुशाल जा. मुलगी रोज मनात म्हणे, मिळू नये.

सराव परीक्षेच्या दिवशी ताई सकाळपासून स्टुलावर बसून होत्या. चिठ्ठ्या काढल्यावर पट्ट्यांचा प्रयोग तिघांच्या वाट्याला आला, आणि त्यांत प्रश्नपत्रिका होती. तिघं आत गेली. एकाच बेंचवर पट्टे आले तर अट पुरी होणार नव्हती, हे ताईंना पक्कं माहीत होतं. वेळ संपत आली तेव्हा उद्यासाहेब पोट आत ओढून दोन्ही पडद्यांतून गेले. आतून त्यांचा ‘वा’ ऐकू आला. मग दुसरा ‘वा’. मग तिसरा.

बाहेर आल्यावर एका मुलाने प्रामाणिकपणे सांगून टाकलं. त्याच्या आणि त्याच्या मित्राच्या बेंचवर नुसता डाग होता, तो घामाघूम झाला होता, तेव्हा प्रश्नपत्रिकेने स्वतःचं झाल्यावर त्या दोघांचेही पट्टे लावून दिले होते. ‘हिचा हात लागला की येतातच, सर.’ सराव परीक्षाच ती, कुणाला राग यायचं कारण नव्हतं. उद्यासाहेबांना तर आनंद झाला. त्यांनी अंधारताईंचं अभिनंदन केलं, खाली केबिनमध्ये या म्हणाले, आजच सही करतो.

ताई जिना उतरल्या त्या जमिनीला पाय न लावता. तीन बाजूंच्या खिडक्या, पंपांवरून दमून आलेला नवरा, एकाच दोरीवर वाळत घातलेले दोघांचे कपडे, असं काहीबाही त्यांच्या डोळ्यांपुढे येत होतं. केबिनमध्ये पोचल्या तर तिथे प्रश्नपत्रिका आधीच उभी होती, आणि शिपाई बाइंडरना बोलावून आणत होता.

उद्यासाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदाच आजचं काम आज करायचं मनावर घेतलं होतं. ताईंची जागा रिकामी होतेय आणि ही मुलगी यंदा पदवी घेतेय, तेव्हा नव्या सत्रापासून तिलाच घेऊन टाकू. एका सत्रापुरती म्हणून, पुढचं पुढे बघता येईल. घराजवळ, वडिलांच्या नजरेसमोर, सावलीतलं काम. असा हिरा हातातला का सोडायचा, असं ते म्हणाले. बाइंडर दारातच उभे होते. खळीचे हात पुसायला त्यांना फडकं सापडत नव्हतं, म्हणून ते सदऱ्यालाच पुसत होते, आणि त्यांचा चेहरा असा उजळला होता की बघणाऱ्याला तो आनंद मोडवणार नाही. ‘साहेब, तुमचे उपकार,’ ते म्हणाले आणि लेकीकडे बघितलं.

मुलगी वडिलांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग तिने मान खाली घातली आणि म्हणाली, ‘चालेल.’

हा शब्द अंधारताईंना पाठ होता. तो कुणी जबरदस्तीने वदवत नाही. समोरच्या भल्या माणसाकडे बघून आपणच म्हणतो, आणि मग वर्षं त्याच्यावरून निघून जातात. बाप प्रेमळ होता, साहेब मदत करत होते, नोकरी चांगली होती. तिथे वाईट असं कुणीच नव्हतं आणि पोरगी बुजवलेल्या खिडकीकडे चालली होती. ताईंना आणखी एक गोष्ट लख्ख दिसली. आपण सुटतोय ते दार हिच्या अंगावर लावून. टेबलावर साहेबांनी पेनाचं टोपण काढून ठेवलं होतं.

आपण कोण हिचं ठरवणाऱ्या, असंही त्यांच्या मनात आलं. आलं आणि गेलं. विचार करायला बसल्या असत्या तर सही झाली असती.

‘साहेब,’ अंधारताई म्हणाल्या, ‘पट्टे हिने नाही लावले. मी लावले.’

सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. ताईंनी शांतपणे सांगितलं, की सकाळी मुलं यायच्या आधी मीच तिन्ही बेंच जुळवून ठेवले होते. मला जायची घाई होती. पोरांच्या हाताने स्क्रू हलला असेल, हिने तो जरासा परत फिरवला असेल, पण हिच्या हातात ते कसब नाही. ही तिथे टिकणार नाही.

‘मी लावलेत,’ मुलगी म्हणाली. तिचा आवाज चिरकला. ‘साहेब, मी आत्ता करून दाखवते. वर चला.’

उद्यासाहेबांनी जिन्याचा विचार केला. दोन पडद्यांचाही केला असावा. आणि खरं सांगायचं तर ताई राहताहेत हे कळल्यावर त्यांच्या खांद्यावरचं ओझंच उतरलं होतं. नवं माणूस, नवे कागद, नवी डोकेदुखी कुणाला हवी असते? ‘उद्या बघू,’ ते म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं. मग ताईंकडे वळून थोड्या नाराजीने म्हणाले, की तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती, आता यंदा तुम्हाला सोडता येणार नाही. ताई म्हणाल्या, कळतंय मला. बाइंडरांचा चेहरा पार उतरला. ते सावकाश वाचनालयाकडे गेले. शब्दाचा पक्का माणूस होता, लेकीला दिलेला शब्द आता त्यांना पाळावा लागणार होता, पण त्या घटकेला त्यांना एवढंच कळलं होतं की आपल्या पोरीला चारचौघांत खोटं पाडलं.

मुलीने अंधारताईंना जिन्यापाशी गाठलं. चष्म्याच्या भिंगांवर पाणी होतं आणि ते पुसायचंही तिला भान नव्हतं.

‘तुम्ही बाहेर बसला होतात. माझे पट्टे तुम्ही बघितलेसुद्धा नाहीत.’

हे मात्र खरं होतं. ताईंनी ते बघितले नव्हते, आणि त्यांना फार बघायचे होते.

‘ताई, का केलंत असं? मी तुमचं काय वाईट केलं होतं?’

खरं कारण ताईंच्या अगदी ओठावर आलं होतं. पण सांगितलं असतं तर ही पोरगी उलट्या पावली केबिनमध्ये गेली असती, ताईंना सोडवायला. दुसऱ्यांचे पट्टे लावून देणारी मुलगी ती. तिला गप्प बसवणार कसं? म्हणून अंधारताई गप्प बसल्या.

मुलगी एक पायरी खाली उतरली. मग हळू आवाजात म्हणाली, ‘कळलं मला. त्या खोलीत तुम्हाला दुसरं कुणी नकोच आहे.’

‘नकोच आहे,’ अंधारताई म्हणाल्या. ‘तू तर मुळीच नको.’

मुलगी वळली आणि जिना उतरून गेली. तिने मागे बघितलं नाही. संध्याकाळ व्हायला आली होती, आणि थोड्या वेळाने नवऱ्याचा फोन येणार होता.